भटजींची गाडी हुकाला कशी लागली

रत्नागिरीत गाडी इंजिनाने मरत नाही, तळाने मरते. घाटावरची गाडी वीस वर्षं चालते आणि मग तिचं इंजिन थकतं. आमच्याकडे खारा वारा पत्र्याच्या सांध्यात शिरतो, चार महिने पाऊस वरून आणि खालून दोन्हीकडून झोडतो, आणि सहा-सात वर्षांत गाडीचा तळ सादळलेल्या पापडासारखा होतो. वरून गाडी नवरीसारखी दिसते. खाली वाकून बोट लावलं तर बोट आत. एका गिऱ्हाइकाचा पाय ब्रेक मारताना तळातून खाली रस्त्याला लागला होता. तो येऊन म्हणाला, "मावशी, ब्रेक लागत नाही." मी म्हटलं, "ब्रेक राहू दे, आधी चप्पल कुठे पडली ती शोध."

हातखंब्याला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. नवरा गेल्यावर ते माझ्याकडे आलं असं लोक म्हणतात. तो होता तेव्हाही ते माझ्याकडेच होतं. तो बाहेर खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. तेही एक काम असतं, मी नाही म्हणत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाना कितीचा आहे तो आकडा वाचता येतो, तेवढं मला पुरलं. या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, सुरुवातीपासून लिहा. सुरुवातीत काही नाही. सुरुवातीची पाच वर्षं मी टायरांत हवा भरत होते. म्हणून शेवटाकडचंच सांगते.

तळ वाचवायला माझ्याकडे एक औषध आहे. काजूच्या टरफलाच्या दोन पदरांमध्ये एक काळं तेल असतं. ओल्या काजूगराने तोंड उतलं असेल त्यांना ते ठाऊक आहे. आमच्याकडे होडीच्या तळाला आणि घराच्या वाशांना ते फासतात. वाळवी येत नाही, पाणी धरत नाही. मी त्यात थोडं जळकं इंजिन ऑइल घालायचे आणि मे महिन्यात गाड्यांच्या तळाला ब्रशने एक हात द्यायचे. कंपनीचं कोटिंग दोन वर्षांत सुटतं, माझं सुटत नाही. ते अंगाला लागलं तर मात्र कातडी सोलून निघते. म्हणून आधी हाताला खोबरेल, वर राख, आणि मग काम.

बाकी धंदा अर्धा कानाने आणि नाकाने होतो. एका डॉक्टरांच्या गाडीत वळणावर खुळखुळ वाजायचं. दोन मोठ्या गॅरेजांनी त्यांना पुढची सगळी जोडणी बदलायला सांगितली होती. मी त्यांच्या शेजारी बसून आरे-वाऱ्याच्या वळणांवरून एक फेरी मारली आणि म्हटलं, "डॉक्टर, ही सुपारी आहे." ते म्हणाले, "कोणाची?" त्यांना वाटलं त्यांच्या जिवावर कोणी उठलं आहे. दाराच्या आतल्या पोकळीत उंदराने दोन पायल्या सुपारी भरून ठेवली होती. घरामागे त्यांची पोफळीची बाग होती. तर असं. नाक आणि कान शाबूत पाहिजेत. तोंड मात्र वेळेवर उघडता आलं पाहिजे, आणि त्याच बाबतीत मी एकदा कमी पडले.

आमच्या बाजूला गजाननभटजी म्हणून आहेत. वय अडुसष्ट. चौदा वर्षांची छोटी लाल गाडी. गणेश चतुर्थीला पहाटे साडेचारला पहिला गणपती बसवायचे आणि दुपारपर्यंत चौतीस. एक घर या वाडीत, दुसरं त्या वाडीत, मध्ये चढ, वळण, म्हशी. धोतराचा सोगा दारात अडकलेला आणि गाडी धुरळ्यात. आधी ब्रेक ऐकू यायचा, मागून मंत्र. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एक वळण घेतलं नाही आणि गाडी सरळ भाताच्या शेतात गेली. पाणी सीटपर्यंत. भटजींना ओरखडाही नाही. गाडी बैलांनी ओढून काढली.

पण पुण्याला असलेल्या मुलाने धरलं, बाबांना आता पायाचा अंदाज राहिलेला नाही, गाडी विका. भटजी दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मधला तोडगा काढला. जिथे समोरून कोणी येणार नाही अशा ठिकाणी एक दिवस मनसोक्त पळवून घ्या, आणि त्यानंतर काटा चाळीसच्या वर जाता कामा नये. भटजींनी पळीतून पाणी सोडून संकल्प केला. आयुष्यभर दुसऱ्यांना संकल्प सांगणारा माणूस. त्याला तो मोडता येत नाही.

समोरून कोणी येणार नाही अशी जागाही मिळाली. आमच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, कोणा बिल्डरने बंगल्यांची वसाहत आखली होती. नाव स्वप्नसागर. तिथून समुद्र दिसत नाही. गोल गोल डांबरी रस्ते झाले, कमान झाली, बंगला एकही झाला नाही. गावाने त्या रस्त्यांवर इतकी वर्षं भात वाळवलं. यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी पुण्याच्या काही मोटारवेड्या मुलांनी ते रस्ते एका दिवसासाठी घेतले. याला ते ट्रॅक डे म्हणतात. ही शर्यत नव्हे. ज्याने त्याने आपली गाडी आणायची, पाळीपाळीने वीस वीस मिनिटं त्या बंद रस्त्यावर हवी तेवढी पळवायची आणि घरी जायचं. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. भटजींनी नाव घातलं. त्यांच्या वाट्याला तीन पाळ्या आल्या. सूर्यास्ताला संकल्प लागू.

गाडी तयार करायला माझ्याकडे आली. ब्रेकचं सगळं नवं केलं, ऑइल बदललं, टायर पाहिले. पोरगी परगावी पाठवताना अंगाला तेल लावतात तसा तळाला काजूतेलाचा ताजा हात दिला. डबा अजून चार बोटं शिल्लक होता. टाकवेना. मग एरवी मी जिथे ब्रश नेत नाही तिथेही नेला. सायलेन्सरच्या वर, तळाच्या खाली, एक पत्रा असतो. सायलेन्सरची धग गाडीच्या तळाला लागू नये म्हणून तो असतो. त्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी दोन हात दिले आणि डबा पुसून काढला. मला फार बरं वाटलं.

आता हुसेनभाईचं सांगायला पाहिजे. हुसेनभाईची क्रेन आहे. हायवेवर बंद पडलेल्या गाड्या तो हुकाला लावून नेतो. माझ्या हातून गेलेली गाडी कधी हुकाला लागून आलेली नाही, हे मी हातखंब्याच्या नाक्यावर सगळ्यांना सांगत असते आणि तो सगळ्यांच्या देखत मला म्हणतो, "बाय, मी हाय अजून. घाई नाय मला." अठरा वर्षं वाट बघतोय. भाताच्या शेतातून बैलांनी गाडी काढली तेव्हा तो खास येऊन विचारून गेला, ह्ये धरायचं की नाय. बैल म्हणजे हूक नव्हे, असं मी त्याला बजावलं.

सड्यावर पोचलो तर कमानीखाली हुसेनभाईची क्रेन उभी. बंद पडलेल्या गाड्या उचलायला त्या मुलांनी त्यालाच दिवसभरासाठी ठरवला होता. तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि खुर्ची लाल गाडीकडे वळवून ठेवली होती.

त्या मुलांचा म्होरक्या रोहित. चांगला मुलगा. हातात वॉकीटॉकी, डोक्यावर टोपी. त्याने सांगितलं की गाडीतल्या सुट्या वस्तू सगळ्या बाहेर काढा. वेगात उडून लागतात. इतर गाड्यांतून पाण्याच्या बाटल्या आणि गॉगल निघाले. भटजींच्या गाडीतून दोन पाट, एक समई, पळीपंचपात्र, ताम्हण, दर्भाची जुडी, तांदळाच्या चार पिशव्या, एक छत्री, दोन उपरणी आणि यजमानांनी वेळोवेळी दिलेले सत्तावीस नारळ निघाले. नारळ आम्ही रस्त्याच्या कडेला ओळीने मांडले. एक पुण्याची मुलगी त्याचा फोटो काढून गेली. तिला वाटलं ही ट्रॅकची हद्द आहे.

मग कपडे. धोतर चालणार नाही, फुलपँट आणि बंद बूट पाहिजेत. भटजींनी मुलाची पँट आणली होती, ती चार बोटं मोठी. बूट कॅनव्हासचे. नाडी मी बांधली. हेल्मेटात शेंडी आत घ्यावी की बाहेर ठेवावी यावर ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "शास्त्रात याचा उल्लेख नाही. आत घेतो."

रोहितने झेंडे दाखवले. पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे थांबा, काळा दाखवला तर तुमच्या गाडीत काही बिघाड आहे, बाहेर या. भटजींनी मान डोलावली. त्यांच्या लक्षात काही राहिलं नाही. आमच्याकडे शिमग्याला पुढे निशाण हललं की मागून पालखी निघते, ते मात्र त्यांच्या अंगात भिनलेलं.

पहिली पाळी. भटजी निघाले आणि पहिल्याच वळणाला हॉर्न. दुसऱ्या वळणाला हॉर्न. तिथे झेंडा घेऊन उभ्या असलेल्या मुलाने गवतात उडी मारली. मागून येणारी एक भारी निळी गाडी दचकून बाजूला झाली. समोरून कोणी येणार नाही हे भटजींना पटलेलं होतं, पण हाताला पटलेलं नव्हतं. चाळीस वर्षं वळण दिसलं की हात हॉर्नवर. रोहित वॉकीटॉकीवर ओरडायला लागला, "हॉर्न कोण वाजवतंय?" भटजी ज्या बाजूने जात होते त्या बाजूच्या म्हशी त्यांना ओळखून उठून उभ्या राहत होत्या.

तिसऱ्या फेरीला गाडीतून गडगड असा आवाज यायला लागला. डावीकडच्या वळणाला गडगड, मग धाडकन. उजवीकडच्या वळणाला पुन्हा गडगड, धाडकन. रोहितबरोबर पुण्याहून एक मेकॅनिक आला होता, शिकलेला, हातात मीटर. तो म्हणाला, "गिअरबॉक्स गेला." काळा झेंडा दाखवला. निशाण हललं म्हणून भटजींनी जोर धरला. पुन्हा दाखवला. त्यांनी चालत्या गाडीतून एका हाताने नमस्कार केला. शेवटी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पदर हलवला तेव्हा थांबले. यजमानांकडच्या बायकांनी हात केला की थांबायचं, हेही अंगात भिनलेलं.

मेकॅनिक बॉनेट उघडत होता. मी मागचं सीट उचललं. अठ्ठाविसावा नारळ.

"पाणी आहे का बघा त्यात," भटजी म्हणाले, "चतुर्थीपासूनचा असेल."

त्या पाळीची उरलेली मिनिटं अशी गेली. हॉर्नचा फ्यूज मी काढून कनवटीला लावला.

दुसरी पाळी दुपारची. आता भटजी रंगात आले होते. दोन फेऱ्या झाल्या आणि मला कळलं की हा माणूस खरंच चालवतो. पुण्याची मुलं वळणावर गाडी घासवत, किंचाळवत होती. भटजी वळणाच्या आधी वेग मोडायचे आणि वळणात शिरल्यावर गाडी नुसती वाहू द्यायचे. वाड्यांतल्या रस्त्यांवर चौतीस गणपतींनी शिकवलेलं ते. रोहितसुद्धा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "काका कुठे शिकले?" म्हणाला. मी म्हटलं, "देवाच्या कामात."

चौथ्या फेरीला गाडीखालून पांढरा धूर निघाला. थोडाथोडका नाही. गाडी दिसेनाशी झाली, नुसता एक ढग सड्यावरून वळणं घेत पळत होता. मागची निळी गाडी त्या ढगात शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चालक दोन्ही डोळे चोळत होता. लाल झेंडा, सगळ्या गाड्या बंद. ढग आमच्याजवळ येऊन थांबला आणि त्यातून भटजी खोकत बाहेर आले. माझ्या डोळ्यांना झोंबलं, घशात खवखवलं, आणि मागून तो वास आला. खमंग.

चहाच्या टपरीवरची बाई इकडेतिकडे बघत म्हणाली, "कोण गो भाजतंय? सीझन नाय न् काय नाय."

हुसेनभाई खुर्चीतून उठला. त्याने दोनदा नाक वर करून हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. "काय गो बाय," हळूच म्हणाला, "काजू हाय काय?"

"गप्प बस," मी म्हटलं.

मला त्याच क्षणी कळलं होतं. रोजच्या रस्त्यावर तो पत्रा एवढा तापत नाही. इथे गाडी सलग पळाली, सायलेन्सर तापला, पत्रा तव्यासारखा झाला, आणि माझे ते शेवटचे दोन हात जळायला लागले. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. समोर क्रेन उभी होती, अठरा वर्षं खुर्ची माझ्याकडे वळवून बसलेला माणूस होता, आणि पुण्याचा मेकॅनिक होता, ज्याला सकाळी मी नारळ दाखवला होता.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं. "क्लच जाळलाय काकांनी," तो म्हणाला. "अर्धवट पाय ठेवून चालवतात. वयाने होतं तसं."

भटजी हेल्मेट हातात धरून उभे होते. शेंडी घामाने चिकटलेली. "मी पाय ठेवत नाही हो," म्हणाले. मग आपल्या पायाकडे बघितलं. "असेलही. आपल्याला कळत नाही आपलं. मुलगा म्हणतो ते खरंच असेल."

रोहितला वाईट वाटलं, पण धूर सोडणारी गाडी परत रस्त्यावर घेता येत नाही, मागच्याचा जीव जाईल. सकाळी काचेवर चिकटवलेला गाडीचा नंबर त्याने काढून घेतला. भटजींनी हेल्मेट सीटवर ठेवलं. कडेला गेले आणि मांडलेले नारळ एकेक उचलून डिकीत ठेवायला लागले. एका वेळी एकच. दोन्ही हातांनी धरून. तिसरी पाळी तासाभराने होती आणि त्यानंतर उरलेलं सगळं आयुष्य चाळीसच्या खाली.

अकरा नारळांपर्यंत मी बघितलं. एवढा वेळ कशाला घेतला ते विचारू नका, मला चांगलं वाटत नाही.

"क्लच बरा आहे," मी म्हटलं. "भटजींचा पायही बरा आहे. हे माझं काम आहे. नको तिथे काजूतेल लावलं मी."

मेकॅनिक म्हणाला, "काजूचं तेल? गाडीला?"

"खातोस तेव्हा टरफल कुठे जातं असं वाटलं तुला?"

पत्रा काढून घासून परत लावायचा तर गाडी वर पाहिजे. गॅरेजात मी खड्ड्यात उभी राहून काम करते, पण इथे नुसत्या जॅकवर ती वीतभर उचलली जाते आणि खाली आडवं होऊन शिरावं लागतं. माझ्या गुडघ्यांना ते होणार नव्हतं. मेकॅनिक शिरायला तयार झाला, पण उघड्या हाताने ते तेल धरलं असतं तर पोरगा महिनाभर जेवू शकला नसता. गाडी उंच टांगून मला स्टुलावर बसून काम करायला पाहिजे होतं.

मी हुसेनभाईकडे बघितलं. तो आधीच क्रेनपाशी जाऊन उभा होता.

"लावू?" त्याने विचारलं.

"लाव."

मला वाटलं तो आता चार माणसं गोळा करेल. त्याने खिशातून फडकं काढलं आणि हूक पुसला. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. नवीन पाहुणी येणार असल्यासारखा. मग मागून गाडी उचलली, सड्यावर पडलेल्या चिऱ्यांचे दोन थर चाकांखाली रचले, चिरा हलत नाही ना ते स्वतः लाथ मारून बघितलं, आणि मला म्हणाला, "बस आता."

सायलेन्सर निवेपर्यंत थांबलो. टपरीवरच्या बाईने चुलीतली राख घमेल्यातून आणून दिली. खोबरेल कोणाकडे नव्हतं. भटजींनी समईसाठी आणलेली तिळाच्या तेलाची बाटली दिली. मी हाताला तेल-राख लावली, हुसेनभाईनेही लावली. पत्र्याचे चार बोल्ट काढले. वरचा तळ मी लोखंडी पट्टीने खरवडला, पत्रा हुसेनभाईने मांडीवर घेऊन खरवडला. घासायला काथ्या पाहिजे होता. भटजींनी तीन नारळ सोलले. सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, आम्हाला, नारळ मेकॅनिकला. तो एका चिऱ्यावर बसून खोबरं खात आमचं काम बघत होता आणि मधूनच विचारत होता की हे तेल कुठे मिळतं.

राखेने घासून, पुसून, पत्रा परत लावला. गाडी खाली आली. रोहितने इंजिन चालू करून दहा मिनिटं जोर दिला, जमिनीला नाक लावून हुंगलं. वास होता, धूर नव्हता. त्याने नंबर परत काचेला चिकटवला. "वीस मिनिटं काका," म्हणाला.

सूर्य खाली आला होता. भटजी हेल्मेट चढवून बसले. मी काच खाली करायला लावली आणि म्हटलं, "पायाचं डोक्यातून काढून टाका." ते म्हणाले, "सुलोचनाबाई, फ्यूज?" मी म्हटलं, "फ्यूज नाही मिळणार."

किती वेगाने गेले ते मला माहीत नाही. त्यांनीही काट्याकडे बघितलं नाही म्हणतात. चौथ्या फेरीला निळी गाडी मागे पडली. लाल गाडी कमानीवरून वळली की आम्हाला इंजिनाच्या आवाजात आणखी एक आवाज ऐकू यायचा. आधी कळेना. मग ते वळण घेऊन आमच्यासमोरून गेले तेव्हा कळलं. हॉर्न नव्हता म्हणून भटजी प्रत्येक वळणाला काचेतून तोंड बाहेर काढून स्वतः ओरडत होते. "पींऽऽप! पींऽऽप!" सगळी वीस मिनिटं. धूर नाही, गडगड नाही, नुसतं पींऽऽप. झेंड्यावरची मुलं पोट धरून बसली. हुसेनभाई खुर्चीवर उभा राहून प्रत्येक वळणाला उत्तर देत होता.

थांबल्यावर त्यांनी आधी इंजिन बंद केलं. मग हेल्मेट काढून रोहितला दिलं आणि मला म्हणाले, "झालं." फ्यूज मी परत लावून दिला. सामान भरलं. परत येताना भटजी चाळीसच्या काट्यावर. मी हुसेनभाईच्या क्रेनमध्ये बसले होते, आमची क्रेन मागे. सडा उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. हुसेनभाईने एकदाही हॉर्न दिला नाही.

नाक्यावर मात्र त्याने सगळ्यांना सांगितलं. सांगणारच, अठरा वर्षं थांबला होता. पण जो कोणी हसत माझ्याकडे यायचा त्याला तो मागून हटकायचा, "उचलली बोललो मी. ओढली नाय. नीट ऐका." आमच्या दोघांच्या हातांची सालं पंधरा दिवस निघत होती. त्या दिवसानंतर मी कुठल्या गाडीखाली गेले नाही. आता नुसती वरून सांगते. काजूतेलाचा डबा रिकामा करायचा नाही, हे सर्वांत आधी सांगते.

हे इथेच संपलं असतं, पण यंदाची चतुर्थी आली. आपला संकल्प भटजींनी गावात माझ्याशिवाय कोणाला सांगितलेला नव्हता. बायकोने वेग बांधून दिला हे यजमानांना कसं सांगणार? त्यामुळे गावाला एवढंच दिसलं की लाल गाडी चढावरून मुंगीसारखी येते आहे, शेजारी काकू बसल्या आहेत आणि काकूंची नजर काट्यावर आहे. लोकांना वाटलं त्या गणपती बघायला आल्या. दुपारी तीनपर्यंत सव्वीस झाले. आठ घरी पोरं उपाशी, मोदक गार, आणि मूर्ती पाटावर रुमाल पांघरून बसलेली.

भटजी माझ्या गॅरेजवरून जाताना पुढच्या वाडीचे दोघे मोटरसायकलवरून येऊन त्यांना आडवे झाले. गाडी माझ्या दारात उभी केली.

"मावशी," त्यांतला एक म्हणाला, "काय केलात ह्या गाडीला? सड्यावरून आणल्यापासून हिच्यात जीव नाय. तुमच्या हातात आता पहिलं राहिलं नाय."

भटजी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. काकू आपल्या बांगड्यांकडे बघत होत्या. गाडीला काही झालेलं नव्हतं. तिच्याइतकी तयार गाडी माझ्या दारात त्या दिवशी दुसरी नव्हती. मी कोणाचं ऐकून घेत नाही, हे त्या पोरांना माहीत होतं. ते एक पाऊल मागे सरकूनच उभे होते.

"हो रे," मी म्हटलं. "माझंच काम कमी पडलं. बघते."

बॉनेट उघडलं. आत वाकून ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत घातली. भटजी उतरून माझ्या शेजारी येऊन वाकले.

"सुलोचनाबाई," हळू आवाजात म्हणाले, "क्लच असेल का हो?"

"असेल," मी म्हटलं. "वयाने होतं तसं."

त्यांनी मान हलवली. मी बॉनेट लावलं. आठ गणपती बाकी होते. गाडी चाळीसने निघाली, आणि हायवे सोडून वाडीकडे वळताना, समोर कोणी नसताना, भटजींनी हॉर्न दिला.